पंधरा दिवस

९ ऑक्टोबर. सकाळी दोन तास घेतले. दुपारच्या एसटीनं कळंबहून घरी आले. भावानं पेरायच्या हरभऱ्याचं पोतं ओसरीवर आणून ठेवलं होतं.

आई, आज वर्गात एका प्रथिनाबद्दल शिकवलं. एका पेशीच्या दोन होण्याआधी ते तिला थांबवतं. आत बिघाड असेल तर दुरुस्तीला वेळ देतं, दुरुस्त होत नसेल तर त्या पेशीला मरू देतं. हे प्रथिनच बिघडलं की खराब पेशी वाढत राहतात, आणि पुढं शेजारच्या पेशींना सोडून रक्तातून दुसरीकडं जाऊन बसतात. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तेव्हा दुखतं का हो?" मी म्हणाले, "सुरुवातीला बहुतेकदा नाही." आणि फळा पुसायला लागले.

पेरायचं बी तू कधी कुणाला निवडू दिलं नाहीस. "तुमची नजर पुस्तकातली. किडका दाना दिसायचा न्हाय तुमाला," म्हणायचीस. अशाच एका पेरणीच्या आधी, त्या दिवशीही तू सूप घेऊन इथंच बसली आहेस, मी एसटीच्या घाईत चपला घालतेय. हात न थांबवता तू म्हणतेस, "काखंत गाठ लागतीय गं. बघती का जरा?" मी विचारते, "दुखतीय का?" "न्हाय, दुखत न्हाय." "मग काही नाही. परीक्षा झाल्या की दाखवू." "व्हय, तुला कळतंय त्यातलं," म्हणून तू पुन्हा सुपात बघायला लागलीस. मी गेले आणि वर्गात पेशीविभाजन शिकवलं.

हरभरा निघाला, परीक्षा झाल्या, पेपर तपासून झाले. तू पुन्हा विषय काढला नाहीस, मीही नाही. तुला खोकला लागला तेव्हा सोलापूरला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "गाठ कधीपासून आहे?" माझ्याकडं न बघता तू म्हणालीस, "पंधरा दिस झालं असतील, सायेब." त्यांनी ते लिहून घेतलं. मी मांडीवर फाइल धरून बसले होते. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "च्या घे. तोंड सुकलंय तुझं."

तोवर कॅन्सर फुप्फुसात गेला होता. नंतर रिपोर्ट हातात धरून मी सगळ्यांना ते प्रथिन समजावून सांगितलं. ते बिघडलं, त्याला कोण काय करणार, असं म्हणाले. सगळ्यांना पटलं. तू गेलीस. भाऊ अजून पाहुण्यांना सांगतो, "पंधरा दिवसांत कळलं, तरी हाताला लागली न्हाय." मी शेजारीच उभी असते.

आज त्याला खरं सांगायचं ठरवलं होतं. तो आला, जेवला, शेताकडं गेला. तुझ्यावर ढकलायचीही सोय नाही मला. डॉक्टरांसमोर तू बोलली नसतीस, तर मीही पंधरा दिवसच सांगितले असते.

पोतं अजून तसंच आहे. चष्मा पुसून सूप घेते.