इंडियन गिव्हर

बाबा, अमेरिकेत ट्रॉयला आल्यावर तुम्ही मला निळी सायकल घेतलीत, आणि उन्हाळा संपायच्या आत ती नागपूरहून नव्याने आलेल्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या मुलीला देऊन टाकलीत. मला विचारलंही नाही. "तिला इथे कोणी मैत्रीण नाही गं, तुला दुसरी घेऊ," म्हणालात. दुसरी कधी आली नाही. मी ओरडले, "यू आर ॲन इंडियन गिव्हर!" दिलेली वस्तू कुणी परत घेतली की शाळेत मुलं असं ओरडायची. तुम्ही रागावला नाहीत. उलट स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणालात, "ऐकलंस? पोरगी मला दानशूर म्हणतेय."

मग तुमच्या ऑफिसची पिकनिक. हातात कागदी बशी, बशीत नुसता पाव आणि बटाट्याचं सॅलड. माझ्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही बॉसला अभिमानाने सांगता, "माय डॉटर सेज, आय ॲम अ रिअल इंडियन गिव्हर." बॉसच्या डोळ्यांत हसून हसून पाणी येतं. तो तुमच्या पाठीवर थापा मारतो. तुम्हीही हसता, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मला कुठे तोंड लपवू असं होतं.

परत येताना गाडीत तुम्ही हळूच विचारलंत, "एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात?" मी अर्थ सांगितला. तुमचा चेहरा पडला. "इंडियन म्हणजे आपण?"

"नो, बाबा. द अदर इंडियन्स."

"मग ठीक आहे," म्हणालात, आणि रेडिओ लावलात.

ते 'मग ठीक आहे' मला अजून गिळता आलेलं नाही. त्यानंतर अर्थ माहीत असूनही प्रत्येक पार्टीत तुम्ही तोच विनोद केलात, गोऱ्यांनी हसावं म्हणून. कॉलेजात मला त्या शब्दामागची गोष्ट कळली. इथल्या मूळ लोकांत, ज्यांना गोरे 'इंडियन' म्हणत आले त्यांच्यात, म्हणे भेट म्हणजे देवाणघेवाण असायची. एकाने दिलं की दुसऱ्यानेही द्यायचं. गोऱ्यांनी घेतलं, दिलं काहीच नाही, आणि समोरच्याने वाट पाहिली तर त्यालाच दिलेलं परत मागणारा ठरवलं. त्यांची अख्खी जमीन घेणाऱ्यांनी! मी त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. पलीकडून तुम्ही म्हणालात, "आपल्याला काय करायचंय त्यांचं? अभ्यास कर."

करायचं होतं, बाबा. आपल्याकडे आहेर केला की परतीचा आहेर येतोच, आणि नाही आला तर आई वर्षभर धुसफुसायची. ते लोक आपल्यासारखेच होते. तुम्ही मात्र हसणाऱ्यांत जाऊन उभे राहिलात, आणि त्यांनी तुम्हाला कधी आपलं म्हटलं नाही ते नाहीच.

हे मी तेव्हा फोनवर सांगू शकले नाही, कारण आहेर हा शब्दच मला येत नव्हता. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: हे मराठी मी तुम्ही गेल्यावर शिकले. तुम्ही होतात तोवर तुम्ही मराठीत विचारायचात आणि मी हट्टाने इंग्रजीत उत्तर द्यायचे.