ओजूचं जावळ आणि गोवरची सुई

३ फेब्रुवारी, सोमवार

भांडलो. परत! मलकपेठेत ताईकडे गेलो होतो. त्यांच्या खालच्या मजल्यावर दोन पोरांना गोवर निघालाय, आणि ताईचा ओजू दहा महिन्यांचा झाला तरी गोवरची सुई नाही! नवव्यातच द्यायची होती.

ताईच्या सासूबाई, पद्मावतीकाकू, म्हणाल्या, "आधी जावळ. केस उतरल्याशिवाय सुई नक्को." भाऊजी म्हणाले, "आई म्हणेल तसं." ताई मेथी निवडत बसलेली.

माझं डोकं सटकलं. "जावळ मामाच्या मांडीवर काढतात ना? सुई होईपर्यंत मी मांडीच देणार नाही! बघू कसं काढता!"

काकू म्हणाल्या, "स्वतः कॉलेज अर्धं टाकलं, आणि आम्हाला शिकवायला आला."

ताडताड जिना उतरलो. अनवाणी! चपलांसाठी परत वर जावं लागलं. कुणी बघितलं नाही — बहुतेक.

४ फेब्रुवारी

दवाखान्यात नर्स केतकी हसली आज. माझ्याकडे बघून नाही. पण मी समोर होतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

कोठी भागातल्या आमच्या औषधाच्या दुकानातून पार्सल घेऊन परत बरकतपुऱ्याच्या दवाखान्यात. केतकी तिथे बाळांना लस देते. तिला माझा पराक्रम सांगितला. वाटलं, खूश होईल.

"म्हणजे तुमच्यामुळे जावळ अडलं, आणि जावळामुळे सुई. शाब्बास!"

हौ की! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग हळूच म्हणाली, "भीती कसली वाटते, ते विचारलंत का त्यांना? ओरडून झालं असेल तर विचारून बघा."

मला तिला दुसरंच काही सांगायचं होतं. तीन महिने झाले, सांगायचंय. पार्सलवर सही घेतली, आलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

माफी मागितली. "काकू, न्हावी बोलवा. हा बसलो मांडी घालून."

"चहा घे," काकू म्हणाल्या. न्हाव्याचं नावच नाही!

मग विचारलं, "काकू, सुईची भीती कसली वाटते?" काकूंनी ताईकडे बघितलं. ताई ओजूला उचलून आत गेली. मग काकू म्हणाल्या, "तू पार्सल देतोस त्या दवाखान्यात बुधवारी ने आम्हाला."

जिंकलो??

११ फेब्रुवारी

ओजूला ताप नाही ना, खोकला नाही ना — तीनदा फोन केला. भाऊजी म्हणाले, "अरे बाबा, तूच येऊन राहा इथे!"

१२ फेब्रुवारी, बुधवार

मी चुकीच्या माणसाशी भांडत होतो.

दवाखान्याच्या दारातून ताई मागे फिरली. काकू नाही — ताई! मग काकूंनीच सगळं सांगितलं. मागच्या सुईनंतर ओजू तापाने फणफणला होता, तेव्हा ती घरात एकटी होती. तिनेच काकूंचे पाय धरले होते, "आई, तुम्हीच नको म्हणा." जावळाचं निमित्त काकूंनी आपल्या मनाने काढलेलं.

"मला का नाही सांगितलंत?" मी काकूंना विचारलं.

"सुनेला घाबरट म्हणाला असतास. सासूला काय, लोक नावं ठेवतातच."

केतकी दारात आली, पण ताईला रागावली नाही. ताप आला तर काय करायचं ते सांगितलं, आपला नंबर दिला. "एकट्या बसू नका. मला फोन करा."

ताईनेच ओजूला मांडीवर धरलं. तो किंचाळला. ती डोळे पुसत केतकीला विचारत होती, "पुढची कधी?"