घशातला गोळा आणि लिसिआतेचा हात

२ जून, रविवार. चर्चच्या घंटेआधी.
काल संध्याकाळी करवंटीभर कावा, आमचं मुळं कुटून केलेलं गुंगीचं पेय, घशाखाली उतरला त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. घशात गोळा आलाय, चिंचोक्याएवढा. आवंढा गिळला की जाणवतो, पुन्हा गिळला तरी तिथेच.
करवंटी तेलेसियाने भरली होती. ती दूरच्या हापाई बेटांवरून आमच्या वावाऊ बेटावर शिवण शिकायला आलीय आणि शनिवारच्या बैठकीत कावा तीच ढवळते. काल मी तिला मनातलं सांगणारच होतो. तोंड उघडलं आणि गोळा! बाहेर पडलं ते एवढंच, की आज कावा पातळ आहे.
संशय : तिची करवंटी थेट माझ्याकडे येत नाही. मध्ये लिसिआते बसतो, त्याचाही तिच्यावर डोळा आहे. त्याच्या हातून येते. त्याने काही कालवलं नसेल कशावरून?

३ जून, सोमवार.
माशाचा काटाही असू शकतो. सगळ्या शक्यता तपासायच्या, हा माझा स्वभाव. उकडलेल्या अळकुडीचे मोठाले घास न चावता गिळले. ते सगळे सुरळीत गेले. गोळा राहिला.
आई म्हणाली, कॉलेज सोडून आल्यापासून तुला खायला काहीही कारण पुरतं. कॉलेज मी सोडलेलं नाही. तिकडे सुवा शहरात एका लेक्चररशी मतभेद झाले. माफी मागितली की परत जाणार आहे. त्याने.
काटा रद्द.

५ जून, बुधवार.
चर्चमध्ये गाण्याची प्रॅक्टिस. गोळ्यामुळे आवाज फुटेना. नंतर तेलेसियाने विचारलं, तू नुसतं तोंड हलवतोस का? म्हणजे तिचं माझ्या तोंडाकडे लक्ष असतं. ही लहान गोष्ट नाही. त्यावर चांगलं उत्तर द्यायचं होतं, पण गोळा लिंबाएवढा झाला. मान हलवली आणि निघालो.
लिसिआते आज गरजेपेक्षा मोठ्याने गात होता. माझा आवाज बसतो आणि त्याचा चढतो. योगायोग म्हणायचं?

७ जून, शुक्रवार.
दवाखाना. पिसिला नर्सने गळा चाचपला, गाठ नाही म्हणाली. घास अडकतो का, दुखतं का, वजन उतरलंय का? सगळ्याला नाही. मग म्हणाली, पोटातलं आम्ल वर येत असेल, नाकातला शेंबूड मागे उतरत असेल, गळ्याचे स्नायू आखडत असतील. मनावर ताण असला की जास्त जाणवतं. सारखं खाकरू नको, पाणी घोट घोट पी, तुडुंब जेवून लगेच आडवा होऊ नको. घास अडकायला लागला तर ये, डॉक्टरांना दाखवू.
वर विचारते, कसली काळजी आहे का? मी म्हटलं, अजिबात नाही. तिला पटावं म्हणून टेबलावर मूठ आपटली. कपातल्या पेन्सिली सांडल्या.
बाहेर आल्यावर कळलं, पिसिला ही लिसिआतेची चुलतबहीण. मग ती दुसरं काय सांगणार!

९ जून, रविवार.
काल लवकर जाऊन लिसिआतेच्या जागेवर बसलो. म्हातारे पुटपुटले, मी लक्ष दिलं नाही. करवंटी थेट तेलेसियाच्या हातून घेतली. बोटाला बोट लागलं. गोळा दुप्पट. म्हणजे पहिल्या करवंटीचाच अंमल अजून उतरलेला नाही. भलताच जालीम प्रकार आहे.
लिसिआतेने तिची थट्टा केली, ती हसली. सगळेच थट्टा करतात, कावाची बैठक असते त्यासाठीच. मीही एक विनोद तयार ठेवला होता. गोळ्याखाली अडकला.

१० जून, सोमवार.
सुचलं! बैठकीत कावा ढवळणारीची थट्टा चालते, म्हणून तिचा भाऊ तिथे बसूच शकत नाही. सख्खा, चुलत, मामे, पणजीकडून कुठून तरी लागणारा, आमच्यात सगळे भाऊच. नातं निघालं की उठायचं. वाद नाही. आणि लग्नाचा तर विचारही नाही. लिसिआतेचे नातेवाईक या बेटावर दगड मारला तरी लागतील असे. हापाईत एखादा निघणारच.
माझी आत्या लुसेआने, तिच्याकडे गेलो. आत्या म्हणजे आमच्या घराण्याचं सुप्रीम कोर्ट. बाबाही तिच्यापुढे खाली बसतात. सगळ्या बेटांच्या वंशावळी तिला पाठ. सोबत भलामोठा सुरण नेला. लिसिआतेची एवढी काळजी तुला कशाला, असं तिने विचारलं. म्हटलं, आत्या, काळजी त्याची नाही, परंपरेची. ती म्हणाली, हापाईला फोन करते.

१३ जून, गुरुवार.
आत्याचा निरोप : नातं सापडलंय. शनिवारी स्वतः येऊन सांगते, अशी गोष्ट तोंडोतोंडी जाऊ नये.
जिंकलो. भेटेल त्याला सांगितलं, शनिवारी बैठकीतून एकाला उठावं लागणार आहे. लिसिआतेलाही सांगितलं. तो म्हणाला, बरं. वरून शांत, आतून हादरलेला.
गोळा अर्ध्यावर आलाय. माझं निदान बरोबर होतं. तो उठला की त्याच करवंटीवर तिला सांगून टाकणार. घरामागे डुकरांसमोर तालीम केली. वाक्य एकदाही अडकलं नाही.

१५ जून, शनिवार. संध्याकाळ.
आत्या आली तसे सगळे ताठ बसले. तेलेसियाचा हात थांबला. आत्याने सावकाश सांगितलं, या मुलीची आजी आणि माझी आई सख्ख्या बहिणी. माझी आई लग्न होऊन इकडे आली, मग दोन्हीकडचं येणंजाणं तुटलं. तेव्हा इथे जो कोणी भाऊ बसला असेल त्याने आता उठावं.
मी लिसिआतेकडे बघत होतो. तो उठेना. मी त्याला दरडावलं, "ऊठ. ऐकलं नाहीस का?"
आत्या म्हणाली, "अरे, माझी आई तुझी कोण?"
कोणी हसलं नाही. हसले असते तर भांडता तरी आलं असतं. तेलेसियाने माझ्याकडे पाहिलं आणि मग नजर खाली वळवली, बहिणीने वळवावी तशी. म्हातारे चटईकडे बघत बसले. लिसिआतेने गुडघा बाजूला घेऊन मला वाट करून दिली.
आवंढा गिळला. गोळा होता तिथेच आहे.
उठलो. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.