तिन्ही चेंडू वर

११ नोव्हेंबर
दवाखान्यातून वरूडले घरी आलो. डाव्या पायाले मांडीपर्यंत प्लास्टर. बागेत ट्रॅक्टरवरून उतरतानी घसरलो. चूक ट्रॅक्टरची. डॉक्टरनं सांगतलं, पायाची बोटं हलवत राहा, वॉकर घेऊन रोज थोडं चाला, रक्त पातळ राहायची गोळी चुकवू नका. काहून? आजवर संत्र्याचा व्यापार केला तो काय पातळ रक्तानं? गोळी बंद. पायही हलवायचा नाही, म्हणजे हाड लवकर जुळते. ऐन आंबिया बहाराची संत्री तोडणीले आली. मले लवकर माल भरायच्या शेडवर जायचं आहे.

१४ नोव्हेंबर
कोरोनातलं श्वास ओढायचं यंत्र सापडलं. नळीतून श्वास ओढला की आतले चेंडू वर जातात. तिन्ही वर! या वयात! संकल्प: पाय स्थिर, श्वास चालू. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. किसनरावनं नुसता अंगठा पाठवला. जळते तो.

१८ नोव्हेंबर
पोटरी ठणकून राहिली. प्लास्टर एकाएकी तंग. बायको, माधवी, म्हणते अमरावतीले दाखवू. म्हटलं, प्लास्टर थंडीनं आवळलं असंल. तिनं विचारलं, वॉकर कुठं आहे? वॉकरवर टॉवेल वाळून राहिले.

२१ नोव्हेंबर, सकाळी
संडासात जाऊन आलो तर धाप. श्वास घेतला की छातीत उजवीकडे सुई टोचल्यावानी. गॅस असंल. ओवा खाल्ला. माधवीनं बोटाले ऑक्सिमीटर लावलं. ८८. म्हटलं सेल उतरला. नवा सेल टाकला. ८६. माहं बोट गार आहे. तिच्या बोटाले ९८, पण ती आत्ताच शेगडीपासून उठली, तिचं बोट गरम.

त्याच दिवशी, जरा वेळानं
वाद नको म्हणून तिच्यासमोर यंत्र ओढलं. लय दुखलं, पण तिन्ही चेंडू वर. म्हटलं, हे पाह्य, हवा आत जाऊन राहिली ना? मंग ऑक्सिजन कमी कसा? ती चेंडूकडे पाहेच ना. माह्या ओठाकडे पाहून राहिली होती. तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली. मले बोलता येऊन नाही राहिलं, नाही तर मनाई केली असती.

२४ नोव्हेंबर, अमरावती, आयसीयू
आज पेन हातात दिला. डॉक्टरीणबाईनं धंदा विचारला. संत्री म्हटलं. तर म्हणे, हवा म्हणजे तुमचा माल, रक्त म्हणजे ट्रक. पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसाच्या रस्त्यात अडकली. एका शेडमध्ये माल भरून पडला, ट्रकच पोचत नाही. सगळे ट्रक वळून दुसऱ्या शेडवर गेले, तिथं माल पुरत नाही. दोन्हीकडून नुकसान. मी लगेच समजलो. बाप्पा, असा धंदा कितीक दिवस चालंल?

तरी माधवीले म्हटलं, म्हणजे हवा बरोबर जाऊन राहिली होती, मी काय सांगत होतो? डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. मी जिंकलो. माधवीनं तोंडाले पदर लावला अन् बाहेर गेली. काचेतून दिसते. बाकड्यावर बसून रडून राहिली.

नर्सले विचारलं, वाचतो ना मी? म्हणे, डॉक्टरले विचारून सांगते. म्हटलं, मंग तिले तरी आत बोलव. म्हणे, भेटायची वेळ संपली.

मले भेव वाटून राहिलं.