तिसऱ्या ओळीची चाल

१२ मार्च
सासूबाईंना बोलावणं आलं — अखेर! पुढच्या आठवड्यात नागरिकत्वाची तोंडी परीक्षा. राष्ट्रगीत तोंडपाठ हवं. नापास झाल्या तर परत त्यांच्या देशात, आणि तिकडे आता त्यांचं कोणीच उरलेलं नाही. बायकोची झोप उडालीय. तीही तिकडचीच. इथला जन्म माझा, म्हणून शिकवणी माझ्या गळ्यात!

१३ मार्च
शब्द झटक्यात पाठ! पण तिसऱ्या ओळीला चाल सटकते आणि थेट त्यांच्या जुन्या राष्ट्रगीतात शिरते.
"आई, ही तिकडची चाल!"
"मी कुठे नेते? तीच जाते!"
लेक शेजारी बसून टाळ्यांचा ठेका धरते. दुसरीत आहे; अभ्यास सोडून सगळ्यात हुशार.

१५ मार्च
आज फजिती. म्हणाल्या, दुसरं कडवं सांगा. मी दोन शब्द म्हटले, पुढे नुसतं हूं-हूं.
"जावईबापू, तुम्हाला कोणी पास केलं हो?"
बायको हसून हसून लोटपोट.
माझ्या दुरुस्तीच्या दुकानात पंपाच्या जळक्या मोटारीला नवी तार गुंडाळताना दिवसभर तेच डोक्यात. खरंच, कोणी केलं? सामना असला की तोंडाला रंग फासून मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडतो. देशासाठी केलं काय? इथे जन्मलो! तेही कष्ट माझ्या आईचे.

१६ मार्च
तिसरी ओळ. पुन्हा तिकडेच!!

१७ मार्च
जरा चिडूनच म्हणालो, ती जुनी चाल विसरा आता. त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "वडिलांनी शिकवली होती. खांद्यावर बसवून." मला कसंसंच झालं. पुन्हा विसरा म्हणणार नाही.

१९ मार्च
पास! पास! पास!
परीक्षा घेणारे साहेब कपाळाला आठ्या घालूनच बसलेले. तिसऱ्या ओळीला चाल सटकली — सासूबाईंच्याही लक्षात आलं, थांबल्या. मग मान वर केली आणि खणखणीत आवाजात, वडिलांच्या त्याच जुन्या चालीत, दुसऱ्या कडव्यासकट पूर्ण केलं! साहेब चष्मा पुसत म्हणाले, "शब्द चोख आहेत. चालीला गुण नसतात." शिक्का! बायको रडली, मीही रडलो. सासूबाईंनी साहेबांच्या गालावरून हात फिरवला.

२ एप्रिल
लेकीच्या बाईंनी शाळेत बोलावलंय. सकाळी राष्ट्रगीताला अख्खा वर्ग तिसऱ्या ओळीपासून भलत्याच चालीत जातो म्हणे! सासूबाईंना सांगितलं. चहा गाळत म्हणाल्या, "मग? आपल्या देशात असंच म्हणतात."