सतरा नंबरचं कार्ड

ती. जाऊबाईंना धाकटीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. चिमीचाही. (तिचंही डोकं टेकवणार होते, पण ती हल्ली डोकं कुठंच टेकू देत नाही, झोपतानासुद्धा.) भाऊजींची कंबर कशी आहे? अजून स्वतः पोती उचलतात, की आता दुसऱ्यांना उचलायला सांगून स्वतः नुसतं कण्हतात? तुमच्या गुडघ्याला ते नवीन तेल लागू पडलं का? इकडे आम्ही ठीक आहोत. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की आम्ही ठीक नाही. फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तुम्ही मधेच ओरडता, मग मी 'बरं' म्हणून फोन ठेवते आणि सांगायचं तसंच राहतं. पत्रावर कितीही ओरडा, मला ऐकू येणार नाही. अक्षर सांभाळून घ्या. शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच आहे, त्याचं वय वाढलेलं नाही.

तर मुद्दा असा. बाळंतपण उरकून तुम्ही गाडीत बसलात, तेव्हा खिडकीतून काय म्हणालात आठवतं? म्हणालात, "पोरीला ऊनवारा लागू देऊ नकोस. मी सांगेन तेव्हाच बाहेर काढ." गाडी सुटली. आणि मग तुम्ही सांगितलंच नाही! तुम्हाला बोल लावत नाही हो. तीन पोरं, मशीनवरची शिवणं, वर भाऊजी, एवढ्यात एखादी गोष्ट राहून जाते. पण मी वाट बघत राहिले ना. दर फोनला वाटायचं, आज म्हणतील. तुम्ही विचारायचात, दूध पिते का, शी कशी होते, रंग कसा असतो. (शीचाच.) बाहेर काढ, हे काही निघेना. आपण होऊन विचारावं तर तुम्ही म्हणाल, एवढंही कळत नाही का. म्हणून बसले पडदे लावून. नऊ महिने. पूर्वेच्या खिडकीला जाड चादर, दाराच्या फटीला तुमच्या दिरांची जुनी विजार. टोचायला न्यायचे ते तीन दुपट्ट्यांत गुंडाळून. नर्सबाईंना प्रत्येक वेळी आत मूल कुठून सुरू होतं ते शोधावं लागायचं.

आता गंमत बघा. आमचं गाव कशासाठी प्रसिद्ध, तर उन्हासाठी. लोक लांबलांबून गाड्या करून इथं येतात आणि वाळूत उताणे पडतात, एक बाजू भाजली की दुसरी. तुमचे दीर हॉटेलच्या लाँड्रीत दिवसाला दोनशे टॉवेल धुतात, ते सगळे उन्हात पडणाऱ्यांचेच. आणि अशा गावातल्या पोरीला ऊन कमी पडलं! चिमी दहा महिन्यांची झाली तरी पाय टेकेना. उभी धरली की गुडघे दोन दिशांना. मग डॉक्टरबाईंकडे नेली. त्यांनी मनगटाच्या हाडाचा फोटो काढवला, रक्त तपासलं, रिपोर्ट दोनदा वाचला आणि मग वरचा पत्ता दोनदा वाचला. म्हणाल्या, हाडं कच्ची राहिलीत. हे थेंब रोज द्यायचे, रोज सकाळी कोवळ्या उन्हात न्यायचं आणि दहा आठवड्यांनी पुन्हा फोटो. सुधारलं नाही, तर मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल, पायांना पट्टे बांधायला. तो 'पट्टे' शब्द माझ्या पोटात जो बसला तो उठायलाच तयार नाही. शिवाय विचारलं, घरात कोंडायला कुणी सांगितलं होतं? मी तुमचं नाव घेतलं नाही. तुमच्या दिरांनी घेतलं. स्पष्ट आवाजात.

त्यांची ड्यूटी सहाला सुरू होते, म्हणजे उन्हात न्यायचं काम माझं. आणि मला बाहेर कशाकशाची भीती वाटते ते तुम्ही पाहिलंय. कुत्री, स्कूटर, कावळे, वाऱ्यानं उडणाऱ्या वाळूतल्या मोठ्या छत्र्या. (एकदा एक उडाली होती. कुणाला लागली नाही, पण लागली असती.) पहिल्या दिवशी मी दारापर्यंत गेले आणि पाय उचलेनात. ऊन समोर चार पावलांवर. मग मी सावलीत भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि हात लांब करून चिमीला तेवढी उन्हात धरली. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, मी मूल वाटतेय. एका फिरायला आलेल्या माणसानं तर ती घेतलीच हातात! त्याला वाटलं फोटोसाठी देतेय. त्याच्या बायकोनं फोटो काढलासुद्धा. त्यात मी मागे किंचाळतेय.

दुसऱ्या दिवशी त्या चार पावलांपलीकडे गेले, कारण हात भरून आले होते. समोरच टोप्याचष्म्यांचं दुकान आहे. दुकानवाले आजोबा फार जुने. त्यांच्या दारात एक गोल फिरता स्टँड आहे, त्यावर जुनी चित्रांची पोस्टकार्डं. चाळीस वर्षांपूर्वी कुणा फोटोग्राफरनं काढलेली आमच्या गावाची चित्रं. वाळू, छत्र्या, लाँच, जुन्या फुगीर गाड्या आणि सगळीकडे ऊन, इतकं पिवळं की हळद सांडल्यासारखं. हल्ली ती कुणी घेत नाही, सगळ्यांकडे फोन. स्टँड आत मावत नाही म्हणून उन्हातच उभा. मी वाकून बघतेय तोवर चिमीनं एक कार्ड ओढलं आणि कोपरा चावून टाकला. आजोबा म्हणाले, "चावलं म्हणजे घेतलं. परत घ्यायची पद्धत नाही आमच्याकडे." असं पहिलं कार्ड आलं. पुढच्या दिवशी दुसरं चावलं. चौथ्यापासून मी स्वतःच निवडायला लागले, म्हणजे चावायचंच तर चांगलं तरी चावेल.

मग मी एक हुशारी केली, ती लिहायला लाज वाटते. कार्डं पाळण्यासमोरच्या भिंतीला चिकटवली आणि दोन दिवस घरातच बसले. मनात म्हटलं, पोर सारखं ऊन बघतंय, थोडंफार लागतच असेल. तुमच्या दिरांनी घरी येऊन भिंत पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाले, "उद्या जेवणाचाही फोटो लाव. स्वयंपाक वाचेल." तिसऱ्या दिवशी गुपचूप पुन्हा बाहेर.

आजोबांकडे एका खोक्यात लिहिलेली कार्डंही होती, कुणाकुणाच्या घरातून आलेली. ती मला फार आवडतात. पुस्तक म्हटलं की मला धाप लागते, पण कार्डावर चारच ओळी असतात, पोळी लाटायच्या आत वाचून होतात. आणि जाऊबाई, एकाही कार्डावर काही वाईट घडलेलं नाही! एकीनं लिहिलंय, पाठ भाजली पण मजेत आहोत. एकानं लिहिलंय, चष्मा समुद्रात गेला, समुद्र छान आहे असं सगळे म्हणतात. मी पन्नासेक वाचली. सगळे बाहेर पडले होते आणि सगळ्यांनी त्याच दिवशी पोस्टात जाऊन कार्ड टाकलं, म्हणजे धडधाकट परतले. एवढे पुरावे समोर असल्यावर माणूस किती घाबरणार?

पुढे कळलं की प्रत्येक कार्डामागं कोपऱ्यात नंबर असतो आणि असा चोवीसचा एक संच आहे. झालं! डोक्यात किडाच शिरला. आजोबांकडे त्या संचाचं जुनं पाकीट होतं, त्यावर यादी छापलेली, त्याप्रमाणे जमवत गेले. बारा नंबर न्हाव्याकडे निघाला, आरशाच्या तड्यावर चिकटवलेला. तो म्हणाला, कार्ड नेलंत तर गिऱ्हाईकाचं तोंड दोन तुकड्यांत दिसेल. मग मी घरून आमच्या लग्नातला तुमचा आणि भाऊजींचा फोटो आणून तड्यावर लावला आणि कार्ड आणलं. (रागावू नका. तुमच्याकडे बघत सबंध गाव दाढी करतं.) वीस नंबर लॉजवालीकडे, तो काढायला तिचे पडदे पिनांनी नीट करून द्यावे लागले. पडद्यांतलं मला कळतं. असं करत तेवीस झाली. राहिलं फक्त सतरा. यादीत लिहिलेलं, 'धक्क्याच्या पायऱ्या, सकाळ.' आजोबा म्हणाले, लाँचच्या तिकीटमास्तरकडे बघा, पण तो देणार नाही.

धक्का म्हणजे गावाचं दुसरं टोक. चिमी कडेवर, पिशवीत थेंब, निघाले. तिकिटाच्या खिडकीला ही रांग! तिकीटमास्तर म्हणजे दार भरून उरेल एवढा माणूस, मिशा अशा की त्यांना वेगळं तिकीट लागावं. त्याच्या टेबलाच्या काचेखाली सतरा नंबर. मी म्हटलं, हे कार्ड मला हवंय. तो म्हणाला, "हे कार्ड नाही बाई, हा मी आहे." मी वाकून पाहिलं. पायऱ्यांवर एक गुटगुटीत पोर बसलंय, अंगावर कपडा नाही, अंगभर ऊन. आणि त्याचे पाय, जाऊबाई, चिमट्यासारखे वाकलेले! हुबेहूब चिमीचे.

मी म्हटलं, "मास्तर, बाहेर या. मला तुमचे पाय बघू द्या." मागून कोणीतरी ओरडलं, "ओ ताई, तिकीट काढताय की स्थळ बघताय?" सगळी रांग हसली. एरवी मी तिथंच विरघळून समुद्रात गेले असते. पण मी हललेच नाही. मी म्हटलं, माझ्या पोरीचे पाय असे आहेत आणि हिला पट्टे बांधायचं चाललंय, तुम्ही एकदा चालून दाखवा. मास्तरांनी चिमीच्या पायांकडे बघितलं आणि ते बाहेर आले. पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि रांगेसमोरून खांबापर्यंत गेले आणि परत आले. सरळ! रुळासारखे सरळ पाय! मी तिथंच रडायला लागले. ते बिचारे घाबरले, त्यांना वाटलं चालण्यात काही चुकलं, म्हणून पुन्हा एकदा चालून दाखवलं. म्हणाले, त्यांची आई त्यांना औषध पाजून रोज सकाळी त्याच पायऱ्यांवर बसवायची. फोटोवाल्यानं न विचारताच फोटो काढला होता. त्या दिवशी लाँच बारा मिनिटं उशिरा सुटली आणि लाँचमधल्या लोकांनी मला हात केले, मूठ कुणीच दाखवली नाही.

कार्ड काही त्यांनी दिलं नाही. मीही पुन्हा मागितलं नाही. रोज सकाळी जाऊन काचेतून बघून येते. चिमीला पायऱ्यांवर सोडते, ती पायरीला धरून उभं राहायला बघते. काल उभी राहिली. मी मोजलं, अकरापर्यंत. मग धप्पकन बसली आणि स्वतःलाच टाळ्या वाजवल्या. तेव्हा तुम्ही काही काळजी करू नका. मी आता कशालाच घाबरत नाही. घरातलं सगळं जागच्या जागी आहे, पडदे सोडून. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. गुरुवारी तो दुसरा फोटो आहे. मला भीती नाही, पण तुमच्या दिरांना वाटते, म्हणून तुम्ही पहिल्या गाडीनं याल का? (त्यांना वाटत नाही. त्यांची त्या दिवशी ड्यूटी आहे. भीती मलाच वाटते. अकरापर्यंत उभी राहते हे मी पाहिलं, पण आतलं हाड मला दिसत नाही. खरं तर एवढं एकच वाक्य लिहायचं होतं, ते लिहवेना म्हणून बाकीचं लिहीत गेले.)

ता. क. दुसरा. आलात तर डॉक्टरबाईंसमोर तुम्ही ओरडू नका. त्यांनाही येतं.

ता. क. तिसरा. हे पत्र टाकायचंच राहिलं! चिमीच्या पिशवीत तळाला गेलं होतं, आत्ता दवाखान्याच्या बाकावर रुमाल काढताना हाती लागलं. आज गुरुवार. फोटो झाला. डॉक्टरबाईंनी दोन्ही फोटो खिडकीच्या काचेला लावून मला दाखवले. आधीच्यात हाडाची टोकं जुन्या ब्रशसारखी विस्कटलेली. आजच्यात कड उमटलीय, पेन्सिलीनं ओढल्यासारखी, मलासुद्धा दिसली. थेंब चालू ठेवायचे, ऊन चालू ठेवायचं. पट्ट्यांचं त्या काही बोलेनात, म्हणून मीच विचारलं. म्हणाल्या, कसले पट्टे, आता पळेल तेव्हा धरायची तयारी ठेव. मग इकडेतिकडे बघून विचारलं, सोबत कोण आलंय? मी म्हटलं, कोणी नाही, आम्ही दोघीच. आणि बोलून झाल्यावर माझं मलाच कळलं की खरंच कोणी नाही.

तेव्हा आता यायची घाई नाही. पण या. फक्त पहिल्या गाडीनं येऊ नका, त्या वेळी आम्ही घरी नसतो.