मशेरीची डबी

सोमवार, मार्गशीर्ष, सन १९४६

आज लई आनंद झालाय, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं आलं तर येवो.

सकाळी नात शेवंता मोरीपाशी मशेरी लावताना सापडली. सहावीतली पोर, आणि माझ्याच डबीतली जाळलेली तंबाखू!

“शेवंते, दिवसातनं किती वेळा दात घासतीस गं?”

“तू घासतीस तेवढ्या वेळा, आज्जे. न्हाई लावली तर वर्गात डोकं धरतं.”

राग तरी कसा यावा? माझंही तेच होतं की.

“सोड बाई हे.”

“तू सोड, मग मी सोडते.”

सून भाकरी थापायची थांबून हसायला लागली. मी कमरेची डबी काढली आणि पोरीच्या हातावर ठेवली. दिवसभर हात मात्र कमरेशीच जात होता.

शाळेतनं आल्यावर तिनं डबी परत दिली. वाटलं, पोरीला माझी दया आली. उघडून बघते तर आत राखुंडी! मशेरी चुलीत टाकून गोवरीची राख भरलेली.

“उद्यापासनं दोघी हीच लावू,” म्हणाली. कसली गुणाची पोर!

डोकं दोघींचंही धरलंय. तिचं आत्ताच चेपून दिलं. एवढं लिहून झालं की ती माझं चेपणार हाय.